कापायचं टेबल

गावातलं सगळ्यात मोठं टेबल टेलरमावशींचं. कपडा कापायचं ते टेबल नवऱ्याने त्यांना लग्नानंतर बनवून दिलं होतं, आणि ते दारातून आत घेताना चौकट काढावी लागली होती. गावाच्या लढ्यात आपला संबंध फक्त या टेबलापुरता आहे, असं मावशी सगळ्यांना सांगायच्या. ते खोटं होतं, पण त्यावर पुढे येऊच.

झालं असं, की टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहणार अशी बातमी आली, आणि मास्तरांनी कुठून तरी कंपनीचा नकाशा पैदा केला. चक्क्या कुठे, त्यांच्यासाठी रस्ता किती रुंद होणार, विजेचे मनोरे कुणाच्या शेतात पाय रोवणार, सगळं त्यात होतं. नकाशा एवढा लांबरुंद, की शाळेच्या बाकावर मावेना. गिरणीत पसरला तर पिठाने भरला. मास्तरांच्या घरात त्याला जागा होती, पण मास्तरांच्या बायकोला माणसं नको होती. शेवटी तो आला मावशींच्या टेबलावर. मावशींनी चारी कोपऱ्यांवर इस्त्री, कात्री आणि दोन रिळांचे डबे ठेवले. जिथे चक्की येणार तिथे लाल डोक्याची एकेक टाचणी टोचली. टाचण्या खाली लाकडात रुतल्या, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

कपडा कापायला जागाच उरली नाही, तेव्हा त्यांनी कामं परत करायला सुरुवात केली. तशी कामं तरी कुठे होती? तयार कपडे आल्यापासून लोक मावशींकडे येत ते चेन बसवायला आणि पॅन्ट आखूड करायला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी शहरात. ती रविवारी फोन करायची आणि दर वेळी तेच विचारायची, "आई, जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का?" त्यापुढे बोलायला दोघींकडेही काही नसायचं. बाकीचे सहा दिवस घर खायला उठायचं. मावशी मशीनशी बोलायच्या, आणि मशीन जुनं असल्यामुळे उत्तरही द्यायचं.

आणि आता रोज संध्याकाळी त्याच घरात पाय ठेवायला जागा नसायची. मास्तर यायचे, बोट वर करून "मुद्दा पहिला" म्हणायचे, आणि दुसऱ्या मुद्द्यापर्यंत कधी पोचायचे नाहीत. गिरणीवाला यायचा. त्याची गिरणी दिवसभर गावाचे कान किटवायची, पण चक्कीच्या आवाजाने आपली झोप उडेल म्हणून तो सगळ्यात जास्त चिडलेला. दूधवाला यायचा, तो सकाळी दूध घालतानाच विचारायचा, "मावशी, आज किती वाजता जमायचं?" बायका यायच्या. कुणी भाजी निवडत बसायचं, कुणी मशीनच्या स्टुलावर. मावशी आधण ठेवायच्या, कप कमी पडायचे, मग शेजारून आणायचे. कप कमी पडण्यात इतकं सुख असतं हे त्यांना उतारवयात कळलं.

या लढ्यात एकच माणूस दुसऱ्या बाजूला होता, दूधवाल्याचा धाकटा भाऊ. टेकडीखालची त्याची पडीक जमीन कंपनीला भाड्याने द्यायला तो तयार झाला होता. गाव त्याला धाकटाच म्हणायचं. सभेत ठरलं, की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याचं काम करायचं नाही, त्याच्या दारात जायचं नाही. ठराव मांडला खुद्द दूधवाल्याने. भावाचा पुळका आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून तो सगळ्यांपेक्षा कडक झाला. मावशींनीही हात वर केला. सगळ्यांचेच वर होते.

एका मंगळवारी दुपारी वारा मोजणारा माणूस आला. टेकडीवर कंपनीचा एक उंच खांब होता, त्यावर वाट्या फिरायच्या, आणि हा पोक्त, अबोल गृहस्थ अधूनमधून येऊन त्या पाहून जायचा. त्याच्या पाठपिशवीचा पट्टा तुटला होता. ठरावात त्याचं नाव नव्हतं. मावशींनी पिशवी घेतली आणि मशीनवर बसल्या.

"खांब उतरवतोय आज," तो पाणी पिता पिता म्हणाला.

"का हो?"

"वारा पुरत नाही इथे. पावसाळ्यात बरा असतो, नंतर अगदीच पडतो. साहेबांनी ही टेकडी सोडून दिली. गावाला कळवतील सावकाश."

मशीन थांबलं. "म्हणजे चक्क्या येणार नाहीत?"

"नाहीत. तुमच्या मनासारखं झालं, मावशी."

तो गेला. मावशींना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, लाल टाचण्यांकडे पाहिलं, पालथ्या घातलेल्या शेजारच्या कपांकडे पाहिलं. संध्याकाळी माणसं आली. मास्तरांनी बोट वर केलं. मावशी आत गेल्या आणि चहात साखर दोनदा घातली.

त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर त्या दिवशी दोन नव्या बायका आल्या. कंपनी सांगेलच की, आपण कशाला मध्ये तोंड घाला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. खोटं तर आपण बोललो नाही, नुसतं गप्प बसलो. मूग गिळून बसणाऱ्या सगळ्यांना हे कारण फार आवडतं.

त्यातच एका दुपारी मागचं दार वाजलं. दारात धाकटा. दाढी वाढलेली, हातात सदरा, काखेत फाटलेला.

"बाजारात जायचंय मावशी. एवढं घालून द्याल का टाके? कुणी बघितलं नाही मला."

मावशींनी सदरा घेतला. ठराव मोडला तो तेवढाच, तोंड काही उघडलं नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलत राहिला. बायको माहेरी गेलीय. गाय व्यायली. दादा रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. माणसाने किती दिवस भिंतीशी बोलायचं? त्याच्या त्या वाक्याला मावशींच्या बोटात सुई घुसली. एक शब्द सांगितला असता तर त्याचं वाळीत पडणं तिथल्या तिथे संपलं असतं. आणि संध्याकाळची माणसंही. मावशींनी दोरा दाताने तोडला, सदरा त्याच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्या मंगळवारच्या सभेत दूधवाला उठला. भावाची जायची वाट त्याच्या अंगणातून होती. उद्या गवंडी बोलावलाय, तिथे भिंत घालतोय, असं त्याने जाहीर केलं. लोकांनी माना डोलावल्या. गिरणीवाल्याने टाळी वाजवली. दूधवाला खाली बसला आणि नकाशावर भावाच्या जमिनीवर बोट ठेवून राहिला, ते मावशींना दिसलं.

"भिंत घालू नकोस," मावशी म्हणाल्या. "चक्क्या येणार नाहीत. वारा पुरत नाही. खांब उतरवायला आलेल्या माणसाने सांगितलं मला."

एकदम गलका झाला. मास्तरांनी हात वर करून तो थांबवला.

"पण खांब तर गेल्या मंगळवारीच उतरवला. गुरं राखणारे म्हणाले, दुरुस्तीला नेला असेल. तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच."

"मग आठवडाभर आम्ही इथे काय करत होतो?"

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खोटं सांगायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. "तुम्ही येत होता," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटत होतं."

यावर कुणी रागावलं असतं तरी चाललं असतं. लोक नुसते उठले. दूधवाला सगळ्यात आधी, कुणाकडे न बघता. शेजारणीने आपले कप मोजून नेले. मास्तर नकाशा न्यायला विसरले, की त्यांना तो नको होता, कोण जाणे.

पुढे कंपनीकडूनही तेच कळलं. शाळेत सभा झाली, एकजुटीचा विजय झाला, असं मास्तर म्हणाले. वाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. मावशींना बोलावणं आलं नाही. दूधवाला पहाटे पातेलं भरून ठेवायचा आणि हाक न मारता निघून जायचा. भिंत काही त्याने घातली नाही. पण भावाच्या दारातही गेला नाही. चार महिने फिरवलेली मान सरळ करायला माणसाला लाज वाटते. रविवारी मुलीने विचारलं, "आई, जेवलीस का?" मावशी हो म्हणाल्या. टेबलावर नकाशा तसाच होता. त्यांना तो उचलवेना.

असे बरेच दिवस गेल्यावर पुढचं दार वाजलं. धाकटा उभा होता, हातात नवं कापड.

"सदरा शिवायचाय."

कापायला टेबल मोकळं हवं. मावशींनी टाचण्या एकेक करून उपटल्या, नकाशाची गुंडाळी केली आणि कोपऱ्यात उभी ठेवली. टेबलभर बारीक भोकं पडली होती. त्यांनी गळ्यात टेप अडकवला.

"मी मागच्या दारी आलो होतो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

मावशींनी टेप त्याच्या खांद्याला लावला. आता हा निघून जाईल, असं त्यांना वाटलं, आणि जावंच त्याने, असंही वाटलं.

"बाही जरा सैल ठेवा," तो म्हणाला. मग गायीचं सांगू लागला. वासरू कसं उंबऱ्यात अडतं, बायको परवा येणार म्हणते पण तिचा काय भरवसा, असं एकातून एक निघत गेलं. मावशी हं हं करत होत्या. त्यांच्या हाताची ख्याती अशी, की एकदा मोजलं की मोजलं. खांदा झाला, छाती झाली, बाही झाली.

तो बोलायचा थांबला, तेव्हा त्यांनी टेप पुन्हा खांद्याला लावला आणि बाही पहिल्यापासून मोजायला घेतली. त्यानेही हात पुढे धरून ठेवला.