तीनचा प्रोग्रॅम

चेअरमनचे पुतणे इंद्रजित पुण्याहून तीन नवे कॉम्प्युटर घेऊन आमच्या साखर कारखान्यावर आले, ते साल सत्त्याण्णव. नवं आलं की जुनं आपोआप सुधारतं, एवढ्या एकाच तत्त्वज्ञानावर हा माणूस इंदापूर तालुक्यात उतरला होता. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "रेश्मा, तुमचा प्रोग्रॅम कशात आहे?"

"व्हिज्युअल बेसिक तीनमध्ये."

"अरेरे," ते म्हणाले. माझ्या घरात कुणी गेलं असावं, असा चेहरा केला. "आम्ही पाच आणलंय."

पाच आणलंय म्हणे! मंडईतून भाजी आणल्यासारखं. तीनमध्ये बांधलेलं काम पाचमध्ये जसंच्या तसं उघडत नाही, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत साहेब चहाला निघून गेले होते.

माझा प्रोग्रॅम ऊसतोडीच्या पाळ्या लावायचा. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, आधी, त्याचा ऊस आधी तुटणार. लागणीची तारीख भरली की यादी क्रमानं बाहेर. त्याआधी पाळ्या शेतकी खात्याचे दत्तोबा लिहीत, पेन्सिलीनं. पेन्सिल नावाला, सगळी मेहनत खोडरबराची. संचालकांच्या मेव्हण्याचा ऊस दिवाळीत तुटायचा आणि कन्हेरीच्या द्वारकाबाईंचा मार्च संपताना, तुरा येऊन आत पोकळ झाल्यावर. या बाईंनी सगळी मेंढरं विकून तीन एकर ऊस उभा केला होता. माझ्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच हंगामात त्यांचा ऊस डिसेंबरात तुटला, तेव्हा त्या शेंगांची पिशवी घेऊन ऑफिसात आल्या.

"मशीनला म्हेवणं नसत्यात, न्हाय का पोरी?" त्या म्हणाल्या.

मी हसले. त्या दिवसापासून माझे पाय जमिनीला लागेनात, हे कबूल करते.

खंडेनवमीला कारखान्यात झाडून सगळ्या हत्यारांची पूजा असते. पाने, कोयते, टाइपरायटर, सगळं पाटावर. फ्लॉपीही मांडा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच दोन्ही मांडल्या, अगदी पुढे, चेअरमनना दिसतील अशा. एका फ्लॉपीवर माझा प्रोग्रॅम, दुसरीवर यादीचा तक्ता दाखवणारा तुकडा. हा तुकडा मी लिहिलेला नव्हता. तो पुण्याच्या एका दुकानातून आणलेला होता आणि तो फक्त तीनमध्येच चालायचा. दत्तोबांनी दोन्हींवर मूठमूठ हळद-कुंकू वाहिलं, वर गंधाचं पाणी शिंपडलं. फोटो निघत होता, म्हणून मी गप उभी राहिले.

दसऱ्यानंतर इंद्रजितनी माझा प्रोग्रॅम नव्या मशीनवर घेतला आणि जुना कॉम्प्युटर पुसून कोरा करून गोदामात पाठवला. मग पाचमध्ये प्रोग्रॅम उघडला. पाचनं काय विचारलं ते न वाचताच 'हो' म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा 'हो'. बोहल्यावर उभा राहिलेला नवरदेवसुद्धा इतक्या वेळा होकार देत नाही. शेवटी सगळं जुन्याच नावानं सेव्ह केलं. तक्त्याच्या जागी एक रिकामी चौकट उरली, आणि आता ते तीनमध्येही उघडणार नव्हतं.

"पाच तुम्ही आणलंत, उघडलंतही तुम्हीच," मी म्हणाले, "आता बघा." आणि थाटात ड्रॉवरमधून माझ्या फ्लॉप्या काढल्या. गोदामातलं मशीन परत आणवलं, त्यावर तीन चढवलं, पहिली फ्लॉपी घातली. आत सुपारी कातरल्यासारखा आवाज झाला. बाहेर काढून पत्र्याची झडप सरकवली, तर आतल्या काळ्या चकतीवर कुंकवाचे ओघळ वाळलेले. दुसरीचं तेच. याशिवाय कुठली प्रत मी कधी केलीच नव्हती. आपलं काम दुसऱ्याच्या हाती लागू नये, ही माझी खबरदारी.

इंद्रजित खुर्ची ओढून शेजारी बसले. "ऐका, पाचमध्ये तसाच तक्ता मिळतो. लागणीच्या तारखा तर सगळ्या शाबूत आहेत. तुम्ही क्रमाचं सांगा, मी चौकटी बसवतो. चार दिवसांत होईल."

"ज्यांनी मोडलं, त्यांच्याकडून मी शिकत नसते," मी म्हणाले.

हंगामाला आठ दिवस होते. दोन दिवस मी पुण्यात तो तुकडा शोधत हिंडले. दुकानदार म्हणाला, "तीनचं आता कोण ठेवतं?" उरलेले दिवस तीनमध्ये सगळं आठवून पुन्हा लिहायचा हट्ट धरला. अर्धं झालं. गव्हाणीत मोळी पडली, हंगाम सुरू झाला आणि त्याच सकाळी दत्तोबांनी कानावरची पेन्सिल काढली.

"मशीनला बरं न्हाय म्हणं," ते चेअरमनना सांगत होते. इतका आनंदी चेहरा मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

यादी लागली त्या दुपारी द्वारकाबाई आल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून मलाच विचारलं. मी बोट खाली खाली नेत गेले. यंदा त्यांची लागण तारखेनं पाचवी होती. नाव सापडलं दोनशे अठ्ठ्याऐंशीवर.

"म्हंजी मार्च?"

"एप्रिल, मावशी."

त्या बाकावर टेकल्या. पदरानं तोंड पुसलं.

"तुझ्या मशीनला काय झालं?"

मी इंद्रजितचं नाव सांगितलं, त्यांनी न वाचताच काय काय केलं ते सांगितलं. दत्तोबांच्या कुंकवाचंही सांगितलं. बराच वेळ बोलले. त्यातला शब्दही खोटा नव्हता.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आन् ते नीट करणारं दुसरं कुणीच न्हवतं व्हय?"

काचेपलीकडे इंद्रजित एकटेच पाचसमोर बसले होते. त्यांच्या शेजारी माझी खुर्ची अजून रिकामीच होती.

"होतं," मी म्हणाले.

"मग?"

द्वारकाबाई उठल्या, एसटीकडे निघाल्या. त्यांच्या उसाला तुरा यायला अजून महिना होता.