उलट्या किल्ल्यातला शौचकूप

“मिस, तुमच्या किल्ल्यातले सैनिक शी कुठे करायचे?”

ईश्वरीने हे इंग्रजीत विचारलं, ‘टॉयलेट’ असा सभ्य शब्द घालून, वर ‘प्लीज’सुद्धा लावून. पण अर्थ तोच. “हिंमत असेल तर विचार, नाहीतर आठवडाभर तुझा डबा माझा,” असं मरियमने बाकाखालून चिठ्ठी पाठवून बजावलं होतं. आणि मरियम म्हणजे रत्नागिरीची. डबा घेते म्हणाली की घेतेच.

गुरुवार, दुपारचे चार. दुबईत शाळा सुटलेली, हिस्टरी क्लबची ऑनलाइन सहल चाललेली. समोरच्या बोर्डवर कॅरिबियन समुद्रातलं एक तिळाएवढं बेट होतं. तिकडे सकाळचे आठ वाजलेले. मिस मर्लीन नावाच्या, पिवळी हॅट घातलेल्या बाई फोन हातात धरून किल्ला दाखवत होत्या. किल्ला पण कसला! बांधणाऱ्याने नकाशा उलटा धरला म्हणे, त्यामुळे सगळ्या तोफा समुद्राकडे पाठ करून गावातल्या चर्चवर रोखलेल्या. दीडशे वर्षांत एकच गोळा सुटला, तोही पाद्रीबुवांच्या भोपळ्यांत जाऊन पडला. आता दारूकोठारात म्युझियम होतं आणि तो गोळा काचेच्या पेटीत ऐटीत बसला होता.

ईश्वरीच्या डोक्यात मात्र सकाळपासून बेट नव्हतंच, रुवैस होतं, अबुधाबीकडचं समुद्रकाठचं गाव. बाबांची तिथल्या रिफायनरीत बदली होऊन चार महिने झाले. ते तिकडे एकटेच राहायचे, रोज डाळ-भात नाहीतर भात-डाळ, आणि दर शुक्रवारी कपड्यांची बॅग घेऊन दुबईतल्या घरी, करामाला यायचे. एप्रिलपासून सगळ्यांनी तिकडे जायचं की असंच चालू ठेवायचं? आई म्हणाली होती, “शाळा तुझी बदलणार, तूच ठरव. पण या वीकेंडला सांग.”

सांगणार काय, डोंबल! पुण्याहून आली तेव्हा पहिलं वर्षभर ईश्वरीने नोटीस बोर्डाकडे तोंड करून डबा खाल्ला होता. “प्रेझेंट मॅम”सुद्धा फक्त शेजारच्या बाकालाच ऐकू जायचं. मरियम आणि वरद भेटायला तीन वर्षं लागली, आणि या दिवाळीपासून तर बाईसाहेबांच्या तोंडाला ब्रेकच उरला नव्हता. आता पुन्हा नवी शाळा, पुन्हा नोटीस बोर्ड?

तर, प्रश्न विचारून झाला. क्लबच्या सुजाता मॅमचा हात म्यूटच्या बटणाकडे निघाला. बोर्डवर अचानक नुसतं निळं आकाश दिसायला लागलं.

“बेशुद्ध पडल्या,” वरद कुजबुजला.

“खलास,” मरियम म्हणाली. “यार, मी गंमत करत होते!”

तेवढ्यात मिस मर्लीनचा चेहरा परत आला, आधीच्या दुप्पट मोठा. “अकरा वर्षं! अकरा वर्षं मी इथे आहे, मुली. लोक विचारतात खजिना कुठे, भूत कुठे. हे एकानेही विचारलं नाही. चला!”

आणि त्या पळतच सुटल्या. फोन असा काही हलत होता की अख्ख्या वर्गाला बोट लागायची वेळ आली. थांबल्या त्या एका दगडी खड्ड्यापाशी. मग म्युझियमच्या खोलीत जाऊन त्यांनी एकेक खण उघडून दाखवला. खड्ड्यात सापडलेली बटणं, हाडांचे फासे, आणि माशांचे काटेच काटे.

“सैन्याच्या कागदांत लिहिलंय, रोज बीफ दिलं. खड्डा म्हणतो, रोज मासे. कागद खोटं बोलतात, खड्डा बोलत नाही!” मिस मर्लीन म्हणाल्या. “तुमच्याकडच्या किल्ल्यांत याला काय म्हणतात?”

“शौचकूप,” ईश्वरी ठसक्यात म्हणाली.

“कूप? म्हणजे आमच्या इंग्रजीतलं कोंबड्यांचं खुराडं?”

“नो मिस, सोल्जर्ससाठी.”

“सैनिकांना खुराड्यात ठेवायचे?”

वर्ग फुटला. मॅमसुद्धा फळ्याकडे वळून खांदे हलवत होत्या. ईश्वरीने मग हातवारे करून सगळं समजावलं. राजगडावर असे शौचकूप आहेत आणि बाबांनी अख्ख्या कुटुंबाला त्यांच्या बाजूला उभं करून फोटो काढलाय, हेही सांगितलं. मिस मर्लीननी फोटो मागितला. शप्पथ, मागितला!

मग कुणीही पैज लावलेली नसताना ईश्वरीने आणखी एक विचारलं. “मिस, तुम्ही या बेटावर आलात तेव्हा कुणाला ओळखत होता?”

“एका बोकडाला. त्यानेही धडक दिली.”

“मग?”

“मग दारोदार विचारत फिरले, खड्डा कुठे असेल म्हणून. लोक आधी हसले. हसून झाल्यावर चहाला बोलावलं.”

ईश्वरीने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, ‘आधी हसतात, मग चहाला बोलावतात.’ आणि खाली ‘रुवैस’ लिहून दोनदा अधोरेखित केलं.

शुक्रवारी बाबा आले. बॅग दारात टाकून पानावर बसतात तोच आईने सुरू केलं, “सूर्यकांत, ऐका तुमच्या लेकीचे प्रताप. सुजाता मॅडमचा फोन होता. हिने परदेशातल्या बाईंना काय विचारलं माहितीये? सैनिक शी कुठे करायचे!”

बाबांचा चेहरा उजळला. “राजगडाचं सांगितलंस?”

“सांगितलं. आपला फोटो पण पाठवला.”

“माझे डोळे मिटलेत त्यात!” आई ओरडली. “आता बेटभर फिरणार तो.”

“अगं अनुराधा, पण त्यांची दगडी बांधणी…”

“जेवायला बसलोय आपण!”

“आई, बाबा, एक मिनिट,” ईश्वरी ताटावरून उठून उभीच राहिली. बसून सांगण्यासारखी गोष्टच नव्हती ती. “माझं ठरलंय. एप्रिलपासून आपण तिघंही रुवैसला. आई, तू उद्या तिकडच्या शाळेला मेल कर. बाबा, तुम्ही मोठा फ्लॅट मागा. आणि समुद्राकडची खोली माझी. यल्ला, चला!”