गाणं थांबू द्यायचं नाही

मृणालिनी सबनीसची उंची चार फूट दहा इंच, आणि अमेरिकेतल्या श्रूजबरीत आल्यापासून अकरा वर्षांत त्या उंचीचा कुणालाही उपयोग झाला नव्हता. दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढून द्या म्हणून अनोळखी माणसांची मनधरणी करावी लागे, आणि गाडी चालवताना बुडाखाली टेलिफोन डिरेक्टरी लागे ती वेगळीच. १९८४च्या सप्टेंबरात मात्र शेजारचे वाख्तांगकाका तिच्या अरुंद खांद्यांकडे फार आशेनं पाहू लागले.

वाख्तांगकाका जॉर्जियाचे. अटलांटावाल्या नव्हे, काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियाचे. महायुद्धात जर्मनांकडून पकडले गेले ते परत गेलेच नाहीत. घराणं रांजण घडवणाऱ्यांचं. त्यांच्याकडे वाइन लाकडी पिंपात करत नाहीत. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणात द्राक्षं सालीबियांसकट घालायची, वर दगड ठेवून तोंड मातीनं लिंपायचं आणि वसंत येईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. आठ हजार वर्षं असंच चाललंय, असं काका सांगत, आणि जणू आपण पहिल्या दिवसापासून हजर होतो अशा थाटात सांगत.

इथं आल्यावर त्यांनी परसात वेल लावले आणि पुरुषभर उंचीचा रांजण स्वतः घडवला. तोही चाकावर नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून, दिवसाआड चार बोटं, असे दोन महिने. भिंतीला बाहेरून काकांचा हात असे आणि आतून त्यांच्या बायकोचा, नातेलाकाकूंचा. गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या.

आता अडचण अशी की नवी द्राक्षं घालण्याआधी रांजण आतून घासावाच लागतो. त्याचं तोंड इतकं अरुंद की काकांचा एक खांदा आत जाई आणि दुसरा बाहेरच राही. सोळा वर्षं काकूच आत उतरत होत्या. यंदा तो तसाच ठेवला तर बुरशी भिंतीत मुरणार, आणि एकदा मुरली की रांजण मेला. काका ‘मेला’ असंच म्हणाले. एकाहत्तराव्या वर्षी नवा घडवायचा म्हटलं तरी आतून हात कुणाचा लावणार?

“मी उतरते,” मृणालिनी म्हणाली.

रात्री जेवताना नरेंद्रला ठसका लागला. नरेंद्र म्हणजे तिचा नवरा, वूस्टरच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. “तू? वाइनच्या भांड्यात? अगं, तू कफ सिरप घेतानासुद्धा लेबल वाचतेस.”

“अहो, हरिपूरची आहे मी. जमिनीतल्या हळदीच्या पेवात माणसं उतरताना लहानपणापासून पाहिलीत. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर आत हवा नाही, आपण उतरायचं नाही. एवढं कळतं मला.”

“ओके. पण मी तिथे उभा राहणार. डॉक्टर म्हणून.”

रविवारी सकाळी कंदील आत सोडला. तो विझला नाही. काकांनी तिच्या कमरेला दोर बांधला, गाठ तीनदा ओढून पाहिली आणि मग नियम सांगितला. “आत असेपर्यंत गायचं. गाणं ऐकू येतंय म्हणजे माणूस शुद्धीवर आहे. थांबलं की मी ओढणार.” मग म्हणाले, “माझा मोठा भाऊ थांबला तेव्हा वडिलांना वाटलं, दम खात असेल. ओढून काढला तोवर उशीर झाला होता.”

गाण्याचं आणि मृणालिनीचं तसं वाकडंच. शाळेच्या प्रार्थनेत बाई तिला नुसते ओठ हलवायला सांगत. शिडीवरून ती आत उतरली, गारवा अंगाला झोंबला, आंबूस वासानं नाक भरलं आणि आठवत होती तेवढी सगळी गाणी पळून गेली. उरले ते पाढे. “बे एके बे,” तिनं सुरुवात केली, “बे दुणे चार.”

आवाज भिंतीला वळसा घालून परत आला तो तिचा राहिलाच नव्हता. भरदार, खोल, जुना झाला होता. ती क्षणभर घाबरली, पण थांबली नाही. राखेचं पाणी आणि चेरीच्या सालीचा कुंचला घेऊन घासत सुटली. बाराच्या पाढ्यापर्यंत तिची लाज पार गेली. आपल्यात एवढा आवाज होता, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सतराच्या पाढ्याला भिंतीचा एक पट्टा स्वच्छ झाला आणि तिनं कंदील वर धरला. भिंतीवर बोटं उमटलेली होती. चार चार बोटांचे ठसे, वळीवर वळी, तळापासून थेट तोंडापर्यंत. सोळा वर्षांची वाइन त्यांच्यावरून गेली होती आणि ते जिथल्या तिथे होते. तिनं एका ठशात आपली बोटं ठेवली. ती नेमकी बसली.

गाभाऱ्यासमोर आपण गप्प होतो तशी ती गप्प झाली. आपल्याकडे हात जोडले की तोंड आपोआप मिटतं. तिला त्याचं भानही राहिलं नाही.

कमरेला हिसका बसला. कोपरं खरचटत ती वर खेचली गेली आणि गवतावर येऊन पडली. नरेंद्र तिची नाडी बघू लागला. काका त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडत होते, आणि त्यात ‘नातेला’ हा एकच शब्द तिला कळला. मग ते मटकन खाली बसले.

“बस. मरू दे रांजण.”

“माझं चुकलं, काका,” ती म्हणाली. “आत काकूंची बोटं दिसली. म्हणून गप्प झाले.”

काकांनी हळूच विचारलं, “आहेत अजून?”

“खालपासून वरपर्यंत आहेत. माझी बोटं त्यात बसली.”

काकांनी तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट बघितलं. मग दोर उचलून पुन्हा तिच्या कमरेला बांधू लागले. “आता मीही गातो. आमच्याकडे एकट्यानं गात नाहीत, तीन आवाज लागतात. तू थांबलीस तर मला माझा एकट्याचा आवाज ऐकू येईल. लगेच कळेल.”

ती पुन्हा उतरली. खालून पाढे आणि वरून काकांचा शब्दांवाचूनचा खर्ज. दोन्ही आवाज भिंतीला लागून मधे भेटले आणि त्यांतून तिसरा निघाला. तो कुणाचा हे सांगता येईना. ज्या एकोणतीसच्या पाढ्यापायी शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, तो ती न अडखळता म्हणत गेली. “एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट, एकोणतीस दाहे दोनशे नव्वद.”

तोवर रांजण घासून झाला होता. वर यायला हरकत नव्हती. पण वर काका रडता रडता गात होते. तिनं कुंचला खाली ठेवला, काकूंच्या बोटांवर हात ठेवला आणि पुन्हा बे एके बे पासून सुरुवात केली.