आठ वर्षांचं माप

टीव्हीवरच्या त्या नाचाच्या स्पर्धेत कपडे शिवणाऱ्या बाईला सगळेच मावशी म्हणत. दिग्दर्शकही मावशी म्हणे आणि लाइट लावणारेही. वय छप्पन्न, पण नजर अशी की मूल दारातून आत आलं की टेप लावायच्या आधीच तिला त्याची कंबर किती ते कळे. आठवड्याचे सहा दिवस ती स्टुडिओच्या मागच्या खोलीत मशीनवर वाकलेली असायची. रविवारी मात्र मशीनला हात लावायची नाही. चर्चमधल्या चिल्ल्यापिल्ल्यांचा वर्ग गेली वीस वर्षं तिच्याकडे होता.

त्या रविवारी तिने मुलांना सांगितलं, ''आज ज्याला जे येतं ते त्याने प्रभूसाठी करून दाखवायचं.'' एकाने कोलांटी मारली. एकाने न अडखळता शंभरपर्यंत अंक म्हटले. मग पाच वर्षांची एक पोर पुढे आली. तिने एक हात कमरेवर ठेवला, मान तिरकी केली, ओठ पुढे काढले आणि डोळा मारला. मुलं खिदळली.

''हे कुठे शिकलीस गं?'' मावशीने विचारलं.

''टीव्हीवरच्या ताईसारखं! ती चंदेरी फ्रॉकवाली!''

तो चंदेरी फ्रॉक मावशीनेच शिवला होता. त्यानंतर बायबलमधली त्या दिवशीची गोष्ट सांगताना ती अडखळली. प्रभूने लेकरांना जवळ घेतलं आणि त्यांना अडवणाऱ्या मोठ्या माणसांना फटकारलं, ही गोष्ट तिने आजवर किती वेळा सांगितली होती कुणास ठाऊक. ती अडवणारी माणसं म्हणजे कुणीतरी दुसरीच, असं तिने नेहमी गृहीत धरलं होतं.

मंगळवारी चंदेरी फ्रॉकवालीच मापं द्यायला आली. आठ वर्षांची, हाडाने बारीक, पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. स्टुडिओत सगळे तिला पिटुकली म्हणत. बरोबर तिची आई होती. आईचा फोन एकसारखा वाजत होता, म्हणून ती बोलायला बाहेर गेली.

मावशीच्या टेबलावर सरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, पाठवलेलं एक चित्र होतं. एका वयाने मोठ्या नर्तकीचा पोशाख होता तो. खाली लिहिलं होतं, 'अगदी असाच हवा, फक्त मापं लहान.'

मावशीने टेप काढली. पिटुकलीने पटकन पोट आत ओढलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

''अगं, श्वास सोड. नाहीतर फ्रॉक घातल्यावर गुदमरशील.''

''पोट दिसतं मावशी. घाणेरडं दिसतं.''

''कोण म्हणालं?''

''सगळेच. मी आता पोळी अर्धीच खाते.'' मग तिने आरशात पाहिलं, मान तिरकी केली आणि डोळा मारला. ''असं केलं की मार्क जास्त पडतात. मला जमतं की नाही?''

''तुला आवडतं का असं करायला?''

पिटुकलीने खांदे उडवले. मग इकडेतिकडे पाहून ती कुजबुजली, ''मला बेडकाचा नाच आवडतो. मीच बसवलाय. दाखवू?'' उत्तराची वाट न पाहता ती उकिडवी बसली आणि खोलीभर टुणटुण उड्या मारू लागली. पडलेल्या दातांच्या फटीतून 'डराँव' म्हणताना नुसती हवाच जायची आणि तिचं तिलाच हसू फुटायचं. पोट आत ओढायचं ती साफ विसरली होती.

मावशीही पोट धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा टाचणी शोधण्याचं निमित्त करून ती टेबलाखाली वाकली.

आई आत आली तेव्हा मावशीने पोरीला रंगीत चिंध्यांच्या पेटीशी बसवलं आणि आईला दाराबाहेर नेलं.

''हा पोशाख मी शिवणार नाही,'' ती म्हणाली.

आईचा चेहरा लाल झाला. ''तुम्ही कोण ठरवणार? किती वर्षं घासलंय आम्ही हिच्यासाठी! आता कुठे लोक ओळखायला लागलेत. तुमचं देवाधर्माचं तुमच्यापाशी ठेवा.''

''तुम्हाला बोल लावायला आले नाही मी, बाई. आधीचे अकरा पोशाख मीच शिवलेत. प्रत्येक वेळी मन म्हणायचं, हे बरं नाही. आणि मी म्हणायचे, आपण काय, हुकुमाचे ताबेदार. मीच चुकले. तेवढंच सांगायला तुम्हाला बाहेर बोलावलं.''

 आईने हातातला फोन मुठीत घट्ट दाबून धरला. मग म्हणाली, ''चंदेरी फ्रॉकवाल्या नाचाचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्याच्याखाली बाप्ये काय काय लिहितात, ठाऊक आहे? आठ वर्षांच्या पोरीबद्दल? मी सगळं वाचलंय. हिच्या बाबांनाही सांगितलं नाही. सांगितलं तर ते विचारतील, मग तू काय करत होतीस?'' आणि भिंतीला टेकून ती रडू लागली.

मावशीने तिला कुशीत घेतलं. तोंडाने प्रार्थना करायला शब्द सुचेनात, तेव्हा ती मनातच म्हणाली, प्रभू, आता तूच उभा राहा आमच्याबरोबर.

दोघी सरांकडे गेल्या. सर कॅमेऱ्यापाशी उभे होते. मावशीचं ऐकून ते हसले. ''मावशी, प्रवचन रविवारी. आज शिवणकाम. लोकांना आवडतं तेच आपण दाखवतो.''

''कोणत्या लोकांना?'' आईने विचारलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. ''वाचा ना.''

सरांनी वाचलं. दोन ओळी, चार ओळी. मग फोन पालथा करून त्यांनी स्टुलावर ठेवला.

''तो व्हिडिओ काढून टाकायला सांगतो,'' ते हळूच म्हणाले. ''पोशाखाचं तुमचं तुम्ही बघा. पण मार्क पडले नाहीत तर माझ्याकडे यायचं नाही.''

मावशीने दोन दिवसांत गुडघ्याखाली येणारा, भरपूर घेराचा हिरवा झगा शिवला. गिरकी घेतली की छत्रीसारखा फुलायचा. नाच बदलायला वेळ नव्हता. गाणं तेच राहिलं, फक्त डोळा मारायचा नाही असं आईने बजावलं. शनिवारी पिटुकली रंगमंचावर गेली, दोनदा चुकली, आणि एरवी टाळ्या पडायच्या त्या जागी टाळ्या पडल्या नाहीत. परीक्षक म्हणाले, ''आज नेहमीची मजा आली नाही.'' ती स्पर्धेतून बाहेर पडली.

मागच्या जिन्यात बसून ती हमसून हमसून रडली. मावशी शेजारी बसायला गेली तशी तिने तिला ढकललं. ''तुमच्यामुळे हरले! तुमच्या झग्यामुळे! तुम्ही घाणेरड्या आहात!''

''हो गं बाई,'' मावशी म्हणाली. तिने समजूत घातली नाही, एक पायरी सोडून खाली बसून राहिली. पोरीचं रडू संपेपर्यंत ती हलली नाही. मावशीला वाटलं, उद्या मोठी झाल्यावर कळेल तिला. मग वाटलं, नाही कळलं तरी चालेल.

पुढच्या पर्वाला मावशीला बोलावणं आलं नाही. तिने घरीच मशीन मांडलं. हातात काम कमी होतं, पण झोप चांगली लागत होती.

चारेक महिन्यांनी एका दुपारी दार वाजलं. आई आणि पिटुकली. शाळेच्या गणवेशाची कंबर सैल करायची होती. पोरगी आईच्या मागे लपली होती, अजून थोडी फुरंगटलेलीच.

''खायला लागलीय आता,'' आई म्हणाली. ''बाबांनाही सगळं सांगितलं मी. रागावले, मग माझ्याबरोबर रडले.'' थोडं थांबून तिने विचारलं, ''तुम्ही देवाशी बोलता म्हणे. काय बोलता हो?''

''रोज हिचं नाव घेते. बाकी फारसं काही येत नाही मला.''

मावशीने टेप काढली. पिटुकली पुढे आली, हात पसरून उभी राहिली आणि मापं देता देताच तिने मोठ्ठी जांभई दिली. समोरचे दोन्ही दात आता अर्धे वर आले होते, थोडे वेडेवाकडे.

''मावशी, गुदगुल्या होतात,'' ती म्हणाली आणि हसून वाकडीतिकडी झाली.

''सरळ उभी राहा गं, सुटलं बघ माप,'' मावशी म्हणाली आणि तिने टेप पुन्हा पहिल्यापासून धरली.