मास्तरांना गणिताची ॲलर्जी

मोतीबिंदू काढायला आलेले मास्तर हिरवा गाऊन घालून खाटेवर बसले होते. गाऊनच्या नाड्या पाठीमागे. जन्मभर पोरांना भूमितीच्या गाठी सोडवून दाखवणाऱ्या माणसाला ही एक गाठ मारता येईना. शेवटी मास्तरीणबाईंनी मारली.

आज डोळ्याचं ऑपरेशन झालं नाही, तर पुढची तारीख थेट परीक्षा संपल्यावरची होती. तोवर वाचनालयातला शनिवारचा मुलांचा वर्ग बंद करावा लागणार, कारण फळ्यावरचे तीन आणि आठ मास्तरांना हल्ली जुळे भाऊ वाटू लागले होते.

सिस्टरनं भुलीच्या थेंबांची बाटली उचलली, मास्तरांच्या मनगटावरची पट्टी स्कॅन केली, आणि शेजारचा संगणक लाल चौकट दाखवून किंचाळला.

"थांबा! तुम्हाला या थेंबांची ॲलर्जी आहे."

"मला? छे!"

"अलर्ट आलाय ना. हे बघा, भुलीचे थेंब, चिकटपट्टी आणि..." सिस्टर थबकली. "गणित?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

गेल्या शनिवारी त्यांनी मुलांना दवाखान्यातल्या संगणकाची भाषा शिकवली होती. पोर्टल म्हणजे आपल्या दवाखान्यातल्या फायलीचं घरबसल्या उघडणारं दार. अलर्ट म्हणजे ती फाईल वाचून ओरडणारा वर्गप्रमुख. आता उदाहरणाशिवाय शिकवतील ते मास्तर कसले? त्यांनी स्वतःचंच पोर्टल प्रोजेक्टरनं भिंतीवर मोठं करून उघडलं आणि 'मला ॲलर्जी आहे' या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "सांगा, काय लिहू?"

पोरं सुटलीच. एकीच्या आईचा डोळा भुलीच्या थेंबांनी सुजला होता, एकाच्या अंगावर चिकटपट्टीनं पुरळ उठायचं, आणि मागचा बाक एका सुरात ओरडला, "गणित!" मास्तरांनी कौतुकानं सगळं लिहिलं, सेव्ह केलं, आणि तास संपल्यावर सवयीप्रमाणे फळा लख्ख पुसला. पोर्टलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"गणिताची मलाही होती," डॉक्टर म्हणाल्या. "पण थेंबांचं काय? तुम्ही 'नाही' म्हणालात एवढ्यावर मला अलर्ट ओलांडता येणार नाही. तो खरा निघाला तर डोळा जाईल."

उत्तर सुचलं ते मास्तरीणबाईंना.

"अहो, तपासणीच्या दिवशी घातले होते ते हेच ना? डोळा बधिर झाला होता. तोंड मात्र घरी पोचेपर्यंत चालू होतं."

डॉक्टरांनी त्या दिवसाची नोंद काढली. थेंब हेच होते, रक्त घेतल्यावर चिकटपट्टीही लावली होती, त्रास कशाचाच नव्हता. त्यांनी तिन्ही ॲलर्जींवर काट मारली.

"पुसूनच टाका ना ते," मास्तर अजिजीनं म्हणाले. "गणिताचं तरी."

"पुसता येत नाही, मास्तर. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणी खोडलं, सगळं मागे राहतं. ऑडिट ट्रेल म्हणतात त्याला."

"हा धडा मी घेतलाच नव्हता."

"दिसतंच आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मला दिसत नाही म्हणून तर आलोय!"

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. डॉक्टरांनी मोबाईलवर मास्तरांचंच पोर्टल उघडून समोर धरलं. "वाचा."

"गणित. नोंद चुकीची. कारण: रुग्ण शिकवत होते."

"स्पष्ट दिसतंय?"

"लाज वाटण्याइतकं."

शनिवारी वर्ग भरला. मास्तरांनी तेच पान भिंतीवर लावून ऑडिट ट्रेल समजावला. पोरं पोट धरधरून हसली. मागच्या बाकावरून आवाज आला, "मास्तर, आज इतिहासाची लिहू या?"

"लिहू की," मास्तरांनी घाईघाईनं पोर्टल बंद केलं आणि खडू उचलला. "पण फळ्यावर."