मास्तरांचा खांदा

“हा डाग आमच्या घरचा नाही, मास्तर,” म्हणत गिऱ्हाइकानं पांढरा शर्ट परत केला. कॉलरच्या आत रक्ताचा ठिपका होता. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुई शिंप्याला टोचतेच, पण बोट तोंडात धरलं की रक्त थांबायचं. हल्ली थांबता थांबत नव्हतं आणि दंडावर काळेनिळे डागही उठत होते. हात गेला आपला, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. आता दुकानाला टाळं लावायचं, बस.

धुवायला घरी आणलेला शर्ट सुनेनं पाहिला, मग दंडही पाहिला. सासऱ्यांची कुरकुर कानाआड करून तिनं त्यांना दवाखान्यात नेऊन बसवलं.

“औषधं कोणती चालू आहेत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“एकही नाही,” मास्तर म्हणाले. सून टक लावून बघत राहिली, तेव्हा पुटपुटले, “खांदा दुखतो. दुकानात गोळी घेतो. रोजच.”

“आबा, घरी कधी बोलला नाहीत.”

“काय बोलायचं? म्हातारा कुरकुरतो म्हणाल.”

“ताकदीचं वगैरे काही घेता?” बाईंनी विचारलं.

“लसणाच्या कॅप्सूल. मीच देते,” सून म्हणाली. “पण ते औषध थोडंच आहे? लसूणच तो.”

“लसूणच, पण अर्क काढलेला. त्यानं रक्त गोठायला वेळ लागतो, आणि तुमच्या गोळीनंही. दोन्ही आजपासून बंद. रक्त तपासू, मग खांद्याला काय द्यायचं ते ठरवू. तोवर शेक द्या. आणि पोटात जे जातं ते सगळं सांगत जा, झाडपाल्याचं असलं तरी.”

घरी येताच सून कॅप्सूलची बाटली घेऊन केराच्या डब्याकडे निघाली. “करायला गेले एक आणि झालं भलतंच,” ती रडवेली झाली होती.

“तुझा काय दोष? मला कुठं हव्या होत्या त्या?” मास्तर म्हणाले. “तुझी सासू गेल्यापासून ‘घेतलीत का’ म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. तू विचारायचीस, म्हणून घ्यायचो.”

“मग आता उद्यापासून काय विचारू?”

तिनं पाणी तापवलं, फडकं पिळलं आणि त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

“दुखतोय?”

या प्रश्नाला मास्तर जन्मभर ‘छे’ म्हणत आले होते.

“हो,” ते म्हणाले. “फार दुखतोय.”