तांबूस थर

“येवढी मळली होती ना भाऊ, का फडकं तांबडं झालं,” कुसुमवहिनींनी ते फडकंच काउंटरवर ठेवलं. “आता पाहा, कशी आरशावानी निंगाली!”

पांढुर्ण्याच्या बसस्टँडमागे टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या सुखदेवनं आधी फडक्याकडे पाहिलं, मग वहिनींच्या हातातल्या कॅसेटकडे. पावसाळ्यात कॅसेटला बुरशीचा बुरा चढला, म्हणून वहिनींनी आतली टेप बाहेर ओढून, दोन दुपारी खपून, रॉकेल आणि राखेनं घासली होती. त्यांच्या हाताला मळ खपत नाही, हे साऱ्या मोहगावला ठाऊक होतं.

बाकावर त्यांचे यजमान भाऊराव बसले होते. दर चौदा एप्रिलला त्यांची भीमगीतं ऐकायला तिगावाहून माणसं येत. गेल्या साली नागपूरला घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तो उरला होता या एकाच कॅसेटमध्ये.

आणि कॅसेटमधला आवाज असतो त्या तांबूस थरातच. लोखंडाच्या गंजाची ती बारीक पूड, चुंबक होऊन गाणं धरून ठेवते. शिकताना सुखदेवला ही जादूच वाटली होती. गंजाला इतकी आठवण असावी! पण आता हे वहिनींना कोणत्या तोंडानं सांगायचं?

“वयनी, तो रंग म्हंजे...”

भाऊरावांनी त्याचं मनगट धरलं. त्यांची नजर फडक्यावर होती. त्यांना कळलं होतं. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली, फडक्याची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“टेपच हलकी होती, वयनी,” सुखदेव म्हणाला. “बुऱ्यानं खाल्ली.”

“म्हंजे माह्या घासण्यानं नाही ना बिघडली?”

“नाही जी. तुम्ही काऊन मनाले लावून राहिल्या?”

“मंग लावा तरी एकडाव.”

सुखदेवनं कॅसेट लावली. नुसती खरखर. वहिनी पदर मुठीत धरून ऐकत राहिल्या. अर्ध्या तासानं टेप संपत आली.

शेवटची हातभर टेप चाकाला गुंतली होती, म्हणून वहिनींनी ती तशीच सोडली होती. ती आली, आणि दुकानात एकदम टाळ्या घुमल्या. मैदानभर माणसांच्या टाळ्या. कुणी बाई ओरडली, “भाऊरावदादा, अजून एक!”

भाऊराव बाकावरून उठले आणि टाळ्या संपेपर्यंत टेपरेकॉर्डरसमोर हात जोडून उभे राहिले.